खुंट्याला हात लागल्यावर : लातूर शहरातील एका वृद्ध स्त्रीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण लातूर शहरातील एका कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव गाळले आहे आणि नात्यांतील काही तपशील बदलले आहेत. ज्या स्त्रीविषयी हे लिहिले आहे, तिचा उल्लेख केवळ आजी असा केला आहे. आधार कार्डावर आजींची जन्मतारीख 1 जानेवारी 1945 अशी आहे. त्या पिढीतील असंख्य बायकांप्रमाणे ती नोंद करणाऱ्याने अंदाजाने घातलेली आहे. ‘रझाकाराच्या वक्ताला मी परकरात होते, धाकल्या भावाला कडेवर घिऊन बार्शीकडं पळालेलं आठवतंय,’ हे त्यांचे बोलणे प्रमाण मानले, तर निजामाचे राज्य संपले त्या 17 सप्टेंबर 1948 रोजी त्या सात-आठ वर्षांच्या असाव्यात, म्हणजे कागदावरच्या वयापेक्षा चार वर्षांनी तरी मोठ्या.

चौदाव्या वर्षी लग्न होऊन त्या औसा तालुक्यात तेरणेकाठच्या एका गावी आल्या. घर माळकरी होते. सासरे वारीला जात आणि नवरा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवी; मात्र त्या मंडळात बायकांना जागा नव्हती. आजींचे गाणे जात्यावर झाले. खटले मोठे असल्याने पहाटे चारच्या आधी थोरली जाऊ आणि त्या समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला दोघींचे हात लागत, एक जात्याच्या तोंडात दाणे वैरी आणि दुसरी ओवीची पहिली ओळ काढी. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर, सुकडी आणि लाल मिलो ज्वारीवर दिवस काढतानाही या दोघी गात होत्या, असे आजी सांगतात. पुढे गावात पिठाची गिरणी आली, तूर विकून आलेल्या पैशांतून घरात ट्रान्झिस्टर आला आणि दळण सुटले. तरी लग्नाची हळद आणि दिवाळीची डाळ जात्यावरच निघे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. गणपती विसर्जनाच्या रात्री उशिरा निजलेली माणसे मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वरचे माळवद यांच्याखाली सापडली. सुमारे दहा हजार माणसे गेली. आजी त्या वेळी म्हशीच्या हंबरण्याने उठून गोठ्याकडे गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. थोरली जाऊ घरातच होती. त्यानंतर काही वर्षे कुटुंब पत्र्याच्या निवाऱ्यात आणि मग पुनर्वसनाच्या घरात राहिले. नवरा वारल्यावर आजी धाकट्या मुलाजवळ शेतीवर होत्या. 2023 च्या दिवाळीनंतर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि पाठोपाठ अंगणात पाय घसरणे, या दोन कारणांनी थोरल्या मुलाने त्यांना लातूरला, तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत आणले.

अडचण

जानेवारी 2024 च्या अखेरीस थोरला मुलगा ज्येष्ठांसाठीच्या आमच्या समुपदेशन केंद्रात आला. त्याची तक्रार अशी, की माय बोलत नाही, विचारलेल्याला भलतेच उत्तर देते, रात्री साडेतीनला उठून दार उघडून उंबऱ्यावर बसते आणि पंधरा दिवसांपासून अर्ध्या भाकरीवर आली आहे. शेजारच्या ओळखीतल्या औषध दुकानातून आणलेली झोपेची गोळी रोज चालू होती. त्याने आपल्यापुरते निदानही केले होते: विसरण्याचा आजार. आम्ही त्यावर शिक्कामोर्तब करावे आणि चांगला डॉक्टर सुचवावा, एवढीच त्याची अपेक्षा होती.

सुनेचे म्हणणे वेगळे होते आणि ते तिने नवरा बाहेर गेल्यावर सांगितले. ‘ह्यांनी हाक मारली की आत्याबाई लगेच वळतात. मी तीनदा विचारलं तरी ओ देत नाहीत. मग हा विसराळूपणा माझ्यापुरताच कसा?’ नोकरी करून घर सांभाळणाऱ्या या बाईच्या मनात दोन-अडीच महिन्यांत जे साठले होते, ते फार चुकीचे होते असे म्हणता येत नाही. तिला मिळालेल्या पुराव्यावरून कोणीही तोच निष्कर्ष काढला असता.

अकरावीतल्या नातीने सांगितलेली गोष्ट मात्र दोघांनीही सांगितली नव्हती. 11 जानेवारीला वेळ अमावस्या होती. लातूर-धाराशिवकडे येळवस म्हणून ओळखला जाणारा हा सण शेतातच होतो: कडब्याची कोप, चुन्याने रंगवलेले पाच पांडव, आंबील, भज्जी, उंडे, गव्हाची खीर, आणि शिवारात येईल त्याला जेवायला बसवण्याची रीत. आजींनी आदल्या आठवड्यापासून गावी जायचे म्हणून लुगडे काढून ठेवले होते. मुलाला सुट्टी मिळाली नाही, पाय दुखावेल हेही कारण होते, आणि येळवसेची भज्जी डब्यातून घरी आली. अन्न कमी झाले ते त्या दिवसापासून.

वर्तनाचा अर्थ लावताना

पहिल्या भेटीत आजींची स्मरणशक्ती तपासायची, तर प्रचलित चाचण्यांतला बराच भाग लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी रचलेला असतो आणि आजी शाळेत गेलेल्या नाहीत, ही अडचण होती. आज तारीख काय, या प्रश्नाला त्यांनी मान हलवली. हाच प्रश्न कानाजवळ, मोठ्याने आणि निराळ्या शब्दांत विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘पौषाची पुनव परवाच झाली की, आता संकष्टी येईल.’ उत्तर बिनचूक होते. ज्या व्यक्तीला तिथी ठाऊक आहे तिला काळाचे भान नाही असे लिहून टाकणे योग्य नव्हते, आणि प्रश्न कानाजवळ नेल्यावर उत्तर आले, ही गोष्ट त्याहून महत्त्वाची होती.

म्हणून मनाच्या आधी कान तपासायचे ठरले. दोन्ही कानांत मळाचे घट्ट बोळे होते. ते काढल्यानंतरच्या श्रवणचाचणीत दोन्ही कानांचा मध्यम स्वरूपाचा बहिरेपणा निघाला, आणि तो उंच पट्टीच्या आवाजांना अधिक होता. वयोमानाने येणारा बहिरेपणा साधारणपणे असाच येतो: उंच स्वर आणि त्यांच्याबरोबर स, श, फ, त यांसारखी व्यंजने आधी हरवतात, खर्जातला आवाज त्यामानाने टिकतो. मुलाचा जाड आवाज आजींपर्यंत पोहोचत होता. सुनेचा पातळ, भरभर बोलणारा आवाज स्वयंपाकघरातल्या मिक्सरमागे पोहोचत नव्हता. श्रवणतज्ज्ञांनी आलेख समोर ठेवून हे समजावले, तेव्हा सून बराच वेळ तो कागद पाहत राहिली आणि मग तिने विचारले, की मी कसे बोलू ते मला शिकवा. समोर येऊन, तोंड दिसेल असे, सावकाश आणि खालच्या पट्टीत बोलावे, ओरडू नये, एवढेच सांगण्यासारखे होते.

साडेतीनला उठण्याचे कारण कोणी विचारलेच नव्हते. दळणाची वेळ तीच आणि भूकंपाची वेळही जवळपास तीच. ‘ह्ये घर हाय का पाळना? खालून टरक गेला की हालतंय,’ असे आजी म्हणाल्या. रस्त्यालगतच्या इमारतीत जड वाहनाचा कंप जाणवतो, हे खरेच होते. ज्या बाईने माळवद कोसळताना पाहिले आहे, तिने अशा घरात दाराजवळ बसावे यात भ्रम कसला? मुलाला भूकंप आठवत होता, पण तो त्या वर्षी शिक्षणासाठी पुण्यात होता. आईने त्या पहाटेविषयी त्याला कधी सांगितले नव्हते, आणि त्यानेही विचारले नव्हते.

रक्ततपासणीत बी-12 जीवनसत्त्व बरेच कमी निघाले. माळकरी, शाकाहारी आणि अलीकडे दूधही सुटलेल्या वृद्ध माणसात ते सापडणे नवलाचे नाही, पण त्याच्या कमतरतेने स्मरण आणि उत्साह दोन्ही मंदावतात, म्हणून इंजेक्शने सुरू झाली. वृद्धांसाठी वापरल्या जाणाऱ्या 15 प्रश्नांच्या नैराश्यचाचणीत पाचाहून अधिक गुण आले तर पुढे तपास करावा असा संकेत आहे. आजींचे गुण त्याच्या वर होते. मिसरीची बाबही याच वेळी उघड झाली. पन्नासेक वर्षांची मिसरी शहरात आणल्याच्या दिवशी डबीसकट कचऱ्यात गेली होती. तंबाखू सुटली हे चांगलेच, आणि तोंड तपासून झाल्यावर ती पुन्हा सुरू करा असे कोणीही सुचवले नाही. परंतु पहिल्या काही आठवड्यांतील चिडचिड आणि झोपमोड यांचा संबंध त्या डबीशी होता, हे कुटुंबाच्या ध्यानात आले नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

मुलाच्या मनात सरळ मानसोपचार आणि औषधे होती. मानसोपचारतज्ज्ञांनी आजींना पाहिले, बी-12 आणि श्रवणयंत्राचा परिणाम दिसेपर्यंत नैराश्यावरची गोळी थांबवून ठेवता येईल असे मत दिले, आणि झोपेची गोळी मात्र टप्प्याटप्प्याने कमी करण्यास सांगितले. अशा गोळ्यांनी वृद्धांचा गोंधळ आणि पडण्याचा धोका वाढतो, आणि एकदम बंद केल्या तर निराळा त्रास होतो.

आजींना गावी परत पाठवणे हा दुसरा मार्ग होता. त्यांची स्वतःची इच्छा तीच होती. पण धाकटा मुलगा आणि सून दिवसभर रानात, घरात एकट्या आजी, दृष्टी नुकतीच सुधारलेली आणि न्हाणी ओसरीपासून लांब. धाकट्यानेच फोनवर सांगितले, ‘दादा, हरभरा निघेपर्यंत थांबा, मग बघू.’ वृद्धाश्रमाचा विषय एका नातेवाइकाने काढला आणि तो त्याच बैठकीत संपला.

राहिला तो मार्ग म्हणजे आहे त्या घरात आजींना बोलते करणे. जुन्या आठवणींच्या आधारे वृद्धांशी काम करण्याची पद्धत नवी नाही; आयुष्याकडे मागे वळून पाहणे ही म्हातारपणाची व्याधी नसून त्या वयाचे स्वाभाविक काम आहे, असे रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 1963 साली मांडले, तेव्हापासून ती अनेक रूपांनी वापरात आहे. आमच्या केंद्रात त्यासाठी प्रश्नावली होती. ती आजींपुढे चालली नाही.

प्रत्यक्ष काम

खुर्चीवर बसवून ‘लहानपणीची एखादी आठवण सांगा’ असे विचारले, की आजी म्हणत, ‘सांगन्यासारखं काय न्हाय माय. दिस निघाला की दळण, दिस मावळला की भाकरी.’ ओवी म्हणा म्हटले तर एक शब्द आठवेना. नातीने मोबाइलवर कोणा दुसऱ्या बाईच्या ओव्या लावल्या. आजींनी त्या ऐकल्या आणि ‘चाल आमची न्हाय’ म्हणून तोंड फिरवले. श्रवणयंत्राचीही तीच गत झाली. कानामागे बसणारे लहान यंत्र त्यांच्या बोटांना सापडत नसे आणि पंख्याच्या घरघरीने त्या ते काढून उशाखाली ठेवत. श्रवणतज्ज्ञांनी खिशात ठेवायचे, वायरचे, मोठ्या चकतीचे जुन्या धर्तीचे यंत्र दिले. ते दिसायला ओबडधोबड म्हणून मुलगा नाखूश होता. आजींनी ते चोळीच्या खिशात टाकले आणि तेव्हापासून काढले नाही.

जाते आणण्याची कल्पना नातीची. भूकंपाच्या ढिगाऱ्यातून सुखरूप निघालेले ते जाते गावच्या ओसरीत हळदीपुरते उरले होते. हरभऱ्याची पोती लातूरच्या आडतीला आणणाऱ्या टेम्पोतून धाकट्या मुलाने ते पाठवले. ठेवायचे कुठे, हा खरा प्रश्न निघाला. सदनिकेत ठेवले तर खालच्या मजल्यावर घरघर जाणार आणि आजींना तर तिथली फरशीच भरवशाची वाटत नव्हती. इमारतीच्या तळमजल्यावर, वाहनतळाच्या एका कोपऱ्यात, गोणपाट अंथरून जाते मांडावे असे सुचवल्यावर सोसायटीच्या सचिवांनी आधी नकार दिला, मग सकाळी नऊ ते साडेदहा एवढ्या वेळेची परवानगी दिली. तडजोड म्हणून पत्करलेली ही जागा उलट सोयीची ठरली: पायाखाली जमीन होती, येणारी-जाणारी माणसे होती.

पहिल्या दिवशी आजींनी जात्याच्या तोंडात बोट फिरवले, पाळूला (जात्याच्या दगडाला) टाकी लावायला झाली आहे असे सांगितले, पदराने खुंटा पुसला आणि मूठभर ज्वारी वैरली. दोन-तीन फेरे नुसतेच झाले. मग, कोणी काही विचारले नसताना, ओळ आली:

पिकलं शिवार बाई, आंबील माठात गार
वाट बगते बंधवाची, उभी मी बांधावर

खुर्चीवर जे आठवत नव्हते ते हाताच्या फेऱ्याबरोबर आले. याचे शास्त्रीय स्पष्टीकरण शोधता येईल; सवयीने हातात बसलेले काम आणि त्याला जोडलेली चाल ही आठवण म्हणून सांगायच्या गोष्टींपेक्षा वेगळ्या वाटेने टिकते, असे स्मृतीचे अभ्यासक मानतात. आम्हाला त्या दिवशी प्रश्नावली बाजूला ठेवायला एवढे कारण पुरेसे होते. पुढे ओवीमागून गोष्टी येऊ लागल्या. भावाने आणलेली खणाची चोळी, रात्री ट्रान्झिस्टर कडुलिंबाला टांगून ऐकलेले परभणी आकाशवाणीचे कीर्तन, हुरड्याच्या दिवसांत आगटीभोवती नवऱ्याने पत्र्याच्या डब्यावर वाजवलेला ठेका, आणि सासूला न सांगता दोघी जावांनी बशीतून वाटून प्यालेला गुळाचा चहा. या चहाचा विषय निघाला की आजी दर वेळी हसत.

निर्णयाचे कठीण प्रसंग

तिसऱ्या आठवड्यात आजी एका ओवीची पहिली ओळ म्हणून थांबल्या. पुन्हा म्हटली, पुन्हा थांबल्या. दुसरी ओळ जाऊ म्हणत असे. त्या जात्यावरून उठल्या आणि दोन दिवस खाली आल्या नाहीत. काम थांबवावे असे मुलाचे मत होते. आईला रडवण्यासाठी आम्ही हे आणले नाही, असे तो म्हणाला आणि त्याचा राग समजण्यासारखा होता. आमच्यातही एकमत नव्हते. अखेर असे ठरले, की जाते हलवायचे नाही, बोलवायचे नाही, आणि भूकंपाविषयी आपण होऊन विचारायचे नाही. तिसऱ्या दिवशी आजी आल्या. त्या पहाटेविषयी आजी त्या दिवशी बोलल्या, नातीजवळ, सुमारे अर्धा तास. त्या बोलण्यातला मजकूर येथे दिलेला नाही. दुसऱ्या ओळीची जागा पुढे पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या उदगीरकडच्या एका काकूंनी घेतली. त्यांची चाल वेगळी होती आणि त्यावरून दोघींत रोज वाद होई. हा वाद आम्ही सुधारणेचे लक्षण मानला. सून सुट्टीच्या दिवशी समोर बसे, पण तिला गाता येत नसे आणि खुंटा ओढताना तिचा हात लवकर भरून येई.

दुसरा प्रसंग ध्वनिमुद्रणाचा. नात रोज मोबाइलवर आवाज टिपत होती आणि त्यातली एक ओवी तिने कौतुकाने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. तिच्यात दिराच्या वागण्यावर बोट होते. गावाकडून फोन आले आणि दिराच्या मुलाने चुलतीला जाब विचारला. जात्यावरच्या ओवीत सासर, दीर, नवरा यांची गाऱ्हाणी येतातच. ती दळणाऱ्या बायकांच्या कानापुरती असत, पहाटेच्या अंधारात असत, आणि म्हणूनच मोकळी असत. मोबाइलने तो आडोसा काढून टाकला. त्यानंतर प्रत्येक वेळी मुद्रण सुरू करण्याआधी आजींना विचारायचे, नंतर त्यांना ते ऐकवायचे, आणि ठेवायचे की पुसायचे हे त्यांनी सांगायचे, असा नियम केला. त्यांनी पुष्कळ पुसायला लावले. नातीला वाईट वाटले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तसे आपल्या आजीचेही काही राहावे, असे तिला वाटत होते, आणि तिचा मुद्दा हलका नव्हता. तरी ओवी आजींची आहे, या बाजूनेच निर्णय झाला.

परिणाम

सहा महिन्यांनी आजींचा आहार पूर्ववत होता, झोपेची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद झाली होती आणि नैराश्यचाचणीचे गुण पाचाच्या खाली आले होते. नैराश्यावरचे औषध सुरू करण्याची वेळ आली नाही. त्या अजूनही साडेतीनला उठतात. मुलाने त्यांची बाज दाराजवळच्या खोलीत हलवली असून दाराला आतून सहज उघडेल अशी कडी बसवली आहे.

सुधारणेचे श्रेय कशाला द्यायचे, हे सांगता येत नाही. कानातला मळ, बी-12, खिशातले यंत्र, जाते आणि उदगीरच्या काकू हे सगळे चार महिन्यांच्या आत एकत्र आले. जात्याची गोष्ट ऐकणाऱ्याला भावते म्हणून तिलाच सगळे श्रेय दिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते कान साफ झाले नसते, तर काकूंशी चालीवरून वाद घालणेही शक्य झाले नसते. शिवाय विसरणे पूर्ण गेलेले नाही. ताज्या गोष्टी, विशेषतः औषध घेतले की नाही हे, आजी विसरतात, आणि मानसोपचारतज्ज्ञांनी दर सहा महिन्यांनी तपासणी सांगितली आहे. मुलाची पहिली शंका सर्वस्वी निराधार होती असे आज तरी म्हणता येणार नाही.

वेगळे काय करता आले असते

श्रवणचाचणी शहरात आणल्याच्या पहिल्या महिन्यातच, मोतीबिंदूच्या पाठोपाठ, व्हायला हवी होती. डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेणारी कुटुंबे कानांकडे ‘वयच झालं’ म्हणून पाहतात, आणि इथे त्यामुळे सासू-सुनेत अकारण अंतर पडले. मिसरी सोडवायची तर डॉक्टरांशी बोलून, आजींना सांगून सोडवता आली असती. आणि आईला गावाहून आणताना दोन पिशव्या लुगड्यांखेरीज तिचे काहीच बरोबर घेतले गेले नाही. ट्रान्झिस्टर, विठ्ठलाची तसबीर, नवऱ्याचा पखवाज सगळे तिथेच राहिले. धाकट्या लेकीला तर या साऱ्या निर्णयांत कोणी विचारलेच नव्हते. तिला जाते आणल्याचे कळले ते व्हॉट्सॲपवरून.

येळवसेच्या बाबतीत मात्र मतभेद आहे. पायाची दुखापत लक्षात घेता मुलाने न नेणे योग्यच होते, असे डॉक्टरांचे म्हणणे. गाडी बांधापर्यंत जाते, खुर्ची टाकून बसवता आले असते, असे नातीचे. डिसेंबर 2024 मध्ये त्यांना नेले गेले. आजी आठ दिवसांसाठी गेल्या आणि संक्रांत करूनच परतल्या. आता वर्षातले काही महिने त्यांनी गावी राहावे असा विचार चालू आहे. न्हाणीला धरायचा दांडा बसवून झाला आहे, बी-12 चे इंजेक्शन जवळच्या आरोग्य उपकेंद्रात देता येईल का याची चौकशी मुलगा करतो आहे, आणि खिशातल्या यंत्राला लागणारा पेन्सिल सेल गावच्या किराणा दुकानात मिळतो.